पहिली फेरी, पट क्रमांक सात

विक्रोळीत, कन्नमवार नगरच्या कामगार हॉलमध्ये
भिंतीवर जोड्यांचा कागद चिकटवलेला.
माझ्यासमोर: बावतीस तुस्कानो, चौदाशे बारा.
माझं रेटिंग एकवीसशेच्या वर.
पहिल्या फेरीत असंच असतं,
यादीचं डोकं तिच्याच पोटावर आपटतात.

त्यांच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर.
लिफ्ट दुरुस्त करतो म्हणाले, आज सुट्टी टाकली.
हात मिळवला, त्याला ग्रीसचा वास.
"शिकायला मिळेल, मॅडम."

नवव्या चालीला त्यांचा एक उंट उगाच मागे गेला.
मी चहा घेऊन आले. इतरांचे पट पाहिले.
माझ्या दोन विद्यार्थ्यांना डोळ्यांनीच दटावलं: हळू खेळा.
परत येऊन, उभ्याउभ्याच,
हत्ती राजाच्या शेजारी सरकवला
आणि घड्याळ दाबलं.

मग बसले. मग दिसलं.

राजा कोपऱ्यात. अंगाला माझाच हत्ती,
पुढ्यात माझीच दोन प्यादी,
त्यातलं कडेचं त्यांच्या हत्तीनं जखडलेलं.
घोडा एकदा उडाला की संपलं.
दुसरीतल्या मुलांना मी हे फळ्यावर देते.

हात मांडीखाली घेतले.
चेहरा तसाच ठेवला;
तो तसा ठेवायला वीस वर्षं लागलीत.
त्यांनी घोड्याकडे बघितलं,
माझ्याकडे बघितलं,
पुन्हा घोड्याकडे.
पंख्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं.
अकरा मिनिटं.
मग पार दुसऱ्या टोकाचं प्यादं, एक घर पुढे.

चाळिसाव्या चालीला त्यांनी राजा आडवा केला.
"कुठं चुकलं माझं?"
मी नववी चाल दाखवली. उंट.
खोटं नव्हतं ते.
त्यांनी मान डोलावली, दोनदा आभार मानले.

पंचांकडे कागद देताना
त्यांच्या कागदावर नजर गेली.
तेविसावी ओळ. घोडा, जी सहा.
त्यावर एक रेघ, पट्टीनं मारावी तशी सरळ,
आणि बाजूला, बारीक अक्षरात, प्याद्याची चाल.

दाराशी ते चपला शोधत होते.
नाव ऐन वेळी आठवेना, "अहो" म्हणून थांबवलं.
कागद पुढे केला, बोट ठेवलं.

"ते होय," तुस्कानो म्हणाले,
एक चपल पायात, एक हातात,
"वाटलं, करंट असणार तिथं.
आम्ही तसं धरूनच चालतो."