पिक्सेल क्रमांक ४११२

माझ्या कार्डावर छापलंय: जेरोटिच किप्टू,
सोल्यूशन्स इंजिनिअर.
आई विचारते, म्हणजे नक्की काय गं?
मी सांगते, कंपनीला जे कळतं ते गिऱ्हाइकाला समजवायचं,
आणि कंपनीला जे कळत नाही
त्याबद्दल गिऱ्हाइकाची माफी मागायची.
ती म्हणते, एवढ्यासाठी शिकलीस?

मंगळवारी नैरोबीत, सातव्या मजल्यावर,
विमा कंपनीच्या मुटुकूसाहेबांसमोर डेमो होता.
उपग्रह दर दहा दिवसांनी चराऊ रान बघतो, मी म्हणाले,
हिरवेपणा मोजतो,
आकडा वीसच्या खाली गेला
की पैसे आपोआप फोनवर. पंचनामा नको, पंच नकोत,
मेलेल्या शेळीचा कान पुरावा म्हणून आणायला नको.
साहेब खूश. दोनदा विचारलं त्यांनी,
"मध्ये माणूस कुठेच येत नाही ना?"
कुठेच नाही, मी म्हणाले
आणि दुसरा समोसा घेतला.

गुरुवारी मारिगाट.
तक्रार, प्राधान्य: मध्यम.
'ग्राहकाच्या मते दुष्काळ आहे. सिस्टीमच्या मते नाही.'
ही ओळ मीच लिहिली होती, एसीत बसून,
आणि तेव्हा मला ती फार नेमकी वाटली होती.

लेसियामितो आजोबा काठीवर एक पाय दुमडून उभे.
मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.
हा तुमचा पिक्सेल. बघा, गर्द हिरवा.
आकडा एकेचाळीस.
त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही,
पडद्याच्या मागे पाहिलं.
मग मीही.

हिरवं होतं. खोटं कशाला बोलू.
वाटेच्या दोन्ही अंगांना, थेट तळ्यापर्यंत
वेडी बाभूळ.
इथे तिला मथेंगे म्हणतात आणि म्हणताना थुंकतात.
तिच्याखाली गवताची काडी नव्हती,
कुणी नुकतीच झाडून घेतल्यासारखी जमीन.

आजोबांनी एक शेळी ओढत आणली,
दोन बोटांनी तिचा जबडा उघडला.
शेळीला वरचे पुढचे दात नसतातच,
एवढं मला शाळेआधीपासून माहीत आहे.
खालचेही नव्हते.
गोड शेंगा खाऊन खाऊन किडून गेलेले.
"तुझा आकडा हिला सांग."

अशा वेळेचं प्रशिक्षण झालंय माझं.
पायरी पहिली, भावना मान्य करा.
मी म्हणाले, तुमची अडचण मी समजू शकते.
दुभाषा आठवीतला पोरगा होता, शाळेच्या स्वेटरमधला.
त्याने ते वाक्य पुढे सांगितलंच नाही,
नुसता माझ्याकडे बघत राहिला.
दुसरी पायरी मला आठवेना.

दुरून डोंगर साजरे, ठीक आहे;
पण आमचा तर धंदाच दुरून बघण्याचा,
सातशे किलोमीटर वरून.

नाकुरूच्या पेट्रोल पंपावरून अचिएंगला फोन लावला.
झाडं वगळता येतील का मोजणीतून?
येतील, ती म्हणाली, पुढच्या तिमाहीत.
पण मग शेजारचे साठ पिक्सेल लाल होतील,
हप्ता वाढेल, मुटुकू सही करणार नाहीत,
आणि आजोबांचा विमाच उरणार नाही.
मागे तिचं बाळ रडत होतं.
"तू बोलतेस का त्यांच्याशी? तू छान बोलतेस."

गाडीत तक्रार पुन्हा उघडली.
'सिस्टीमच्या मते' खोडलं. मग 'ग्राहकाच्या मते'सुद्धा.
दुष्काळ आहे, एवढंच राहिलं.
जबड्याचा फोटो जोडला.
प्राधान्य: उच्च.
खाली लाल अक्षरं उगवली:
बदलाचे कारण द्या, किमान पंचवीस अक्षरे.

शेळीला दात नाहीत, मी लिहिलं.
पुरेसं नाही, पडदा म्हणाला.

तळहातात एक काटा राहिला होता, तो दातांनी काढला
आणि पुन्हा लिहिलं:
शेळीला खालचे पुढचे दात नाहीत. मी स्वतः बोट घालून पाहिले.