उघाडी

सर्वेश नववीत गेला तेव्हा
ओटीवरच्या कॉम्प्युटरला मी दार बसवलं,
आमच्या खारबंदिस्तीच्या उघाडीसारखं.
भरतीला आपोआप मिटतं,
ओहोटीला उघडतं,
खाडीचं पाणी भातात शिरत नाही.

राजापूरच्या दुकानदाराने शिकवलं.
नको ते शब्द मी एकेक टाकत गेलो,
लाजत, खोली लावून घेऊन,
शरीराचे बहुतेक सगळे.
पडद्यावर येणारं वाक्यही माझंच:
‘हे पान या घरात उघडणार नाही.’

महिनाअखेरीला यादी निघते,
कोण कुठे अडलं त्याची.
मंगळवार, रात्री दोन वाजून दहा.
पुन्हा सव्वादोन. पुन्हा पावणेतीन.
पोराला हाक मारायला तोंड उघडलं
आणि आठवलं,
मंगळवारी तो कबड्डीला देवरुखात होता.

घरात आम्ही दोघंच.
त्यातला मी घोरत.

मग शब्द नीट वाचले.
स्तन. गाठ. दुखत नाही.
शेवटच्या खेपेला तिने ‘छाती’ लिहून पाहिलं होतं.
तोही माझ्या यादीत होता.

उघाडीत ओंडका अडकला
की आतलं गोडं पाणीही तुंबतं,
उभं भात कुजतं,
हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक.

मागच्या पडवीत प्रमिला कुळीथ निवडत होती.
म्हटलं, उद्या सातच्या एसटीने
रत्नागिरीला जाऊ.

कशाला, असं तिने विचारलं नाही.
सूप खाली ठेवलं.