पावती

अर्बाबचा फोन आला: सगळे पोचलो,
तेवढी भिंतीवरची बंदूक राहिली, घेऊन ये.
'तेवढी' म्हणाला,
लोणच्याची बरणी राहावी तसं.

निझवाहून आदमकडे जाणारा रस्ता सरळ आहे,
इतका, की चुकायलाही वळण नाही.
डिकीत ती मावेना. नळी लांब, त्याच्या आजोबांच्या काळातली,
दस्त्यावर चांदीची पट्टी, घोडा गंजलेला.
चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी घातली
आणि कसं कोण जाणे, सीटबेल्ट लावला.

काडतूस एकही नाही. शपथ घेतो.
पण कायदा नळीत डोकावत नाही,
तो बघतो कागदावर नाव कुणाचं
आणि स्टिअरिंगवर हात कुणाचे.
नाव: हमद बिन सैफ.
हात: लवू घाडी, मुक्काम पोस्ट आंब्रड, तालुका कुडाळ.

आमच्याकडेही होती एक.
शेतसंरक्षणाची, ठासणीची, परवाना बाबांच्या नावे.
डुकरं भातात शिरली की एक बार हवेत,
बाकी वर्षभर चुलीवरच्या धुरात टांगलेली.
निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची.
बाबा तिला गोणपाटात बांधून एसटीत बसायचे,
मांडीवर आडवी, ताप आलेल्या पोरासारखी.
कंडक्टर विचारी, भरलेली नाय ना?
बाबा म्हणत, भरलेली असती तर तिकीट काढलं असतं होय रे?
मला खिडकी मिळायची.

मनाहच्या पुढे नाका.
पोलीस तरणा, मिशी नुकती जमलेली.
टॉर्च आधी माझ्या तोंडावर, मग मागे.
चादरीतून दस्ता बाहेर आला होता,
झोपेत पाय उघडा पडावा तसा.
हे काय, त्यानं विचारलं.
मला ऐकू आलं, हे कोण.

खरं सांगून टाकलं.
माझ्या अरबीत खोट्यापुरते शब्दच नाहीत.
गाडी माझी नाही. बंदूक माझी नाही.
लग्नही माझ्या घरचं नाही.
माझं काय, तर लायसन्स. ते दिलं.

मग दीड तास केबिनमध्ये.
एसीचा गारठा, खजूर, वेलचीची कॉफी.
कप हलवायचा असतो, पुरे म्हणून,
ते विसरलो, आणि तो ओततच राहिला.
बंदूक भिंतीला टेकलेली,
घोड्याखाली सुतळीनं बांधलेला कागद, नंबर चौदा.

कुडाळच्या ठाण्यातही असाच कागद बांधला होता,
मागल्या खेपेला.
ती अजून तिथेच आहे.
परवान्याची मुदत संपली, बाबांचा हात थरथरतो,
वारसाच्या नावे करा म्हणाले.
वारसानं स्वतः हजर राहायला हवं.
वारस इथे, दुसऱ्याच्या आजोबांची बंदूक घेऊन
कॉफीचा सहावा कप पीत बसलाय.

अर्बाब आला. अत्तर, इस्त्रीचा दिशदाशा,
कमरेला खंजर. त्याला मात्र कुणी अडवलं नाही.
तो पोरगा उठून उभा राहिला, काका म्हणाला,
खाली बसायला खुर्ची दिली,
आणि मग हळू आवाजात, एकेक शब्द ठेवत:
हत्यार परक्या हाती धाडायचं नसतं.
याला आत टाकावं लागलं असतं मला. याला.
अर्बाबनं फरशीकडे बघितलं.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पुढे मीच चालवली गाडी.
बार उडाला की नाही, ठाऊक नाही,
मी बाहेर पार्किंगमध्ये, काच खाली करून.

रात्री बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, पावती दिली काय तेंनी?
आणि मी काही बोलायच्या आत,
आमची आसा हां. डब्यात ठेवलंय,
तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटाखाली.