अक्षरामागे बारा रुपये

अक्षरामागे बारा रुपये ठरले.
काना-मात्रा फुकट. अनुस्वारावर वाद झाला.
समितीचे झाल्टेसाहेब म्हणाले, टिंबाचे कसले पैसे?
मी म्हटलं, टिंब काढून बघा साहेब,
बंद गिरणीची बद गिरणी होते.
हसले.
टिंबं मात्र फुकटातच गेली.

मी अमळनेरचा पेंटर.
आजवर निवडणुका रंगवल्या,
बोरीच्या पुलाजवळच्या भिंतीवर मूळव्याधीचा इलाज,
कपाशीच्या बियाण्यांची नावं, वाढदिवस.
आता वारसा रंगवतो.
निळ्यावर पांढरं, दीड इंची.
खान्देशच्या उन्हात दोन वर्षं टिकेल, एवढीच हमी.

येथे सायझिंग खाते होते.
येथे भोंगा होता.
येथे पाळीचे मस्टर होते.
नुसत्या 'येथे' आणि 'होते'चेच
हजाराला थोडे कमी झाले माझे.

शनिवारी सुरतेहून येतात, नाशिकहून येतात,
चिमणीखाली मान मागे टाकून फोटो काढतात.
कॅन्टीनच्या जागी केवळबाईंचा बचतगट
खापरावरचे मांडे विकतो.
केवळबाई सोळा वर्षं वायंडिंगात होत्या.
तेव्हा या कॅन्टीनमध्ये बाया बसत नसत,
डबा बाहेर, नळापाशी, उभ्यानं.
मांडा हातावर वाढवता वाढवता सांगतात,
ज्याला ऐकायचं त्याला.

मागखात्यात आता एकच माग.
बाकीचे वजनावर गेले.
बटण दाबलं की भिंतीतल्या पेटीतून
तीनशे मागांचा आवाज येतो,
पोरं कानांवर हात ठेवून खूष होतात.

तापीराम उखा बडगुजर आले उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी.
नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून, धुतलेली टोपी घालून.
कान त्यांचे याच शेडमध्ये गेले,
एकदम नाही, पगारातून कापून घेतल्यासारखे, महिन्याच्या महिन्याला.
नातवानं बटण दाबलं.
त्यांनी पेटीवर तळवा ठेवला,
लेकराचा ताप बघावा तसा.
बराच वेळ.
मग म्हणाले,
"हाई आपली नही शे."

झाल्टेसाहेब माझ्याकडे बघून हसले, आजोबांना ऐकू येत नाही.
"आमना चौथा ठोका लंगडा व्हता.
पट्टाले सांधा व्हता."
आणि मागाच्या लाकडावर बोटांनी वाजवून दाखवलं:
खट, खट, खट, मग एक श्वास थांबून
खट.
एका सांध्यापायी अख्खी ओळ लंगडायची.
रात्री घरी झोपले तर बायको म्हणायची,
तुमचा दमसुद्धा चौथ्याला अडकतो.

आवाज बसवणारा पोरगा लाल झाला.
इचलकरंजीत भरून आणलेला होता तो,
एका चालू कारखान्यात, चांगल्या माइकनं.
इथलं काय भरणार? इथे तेव्हा काहीच नव्हतं,
कबुतरांशिवाय.

समितीची बैठक झाली.
आवाज राहू द्यावा, लोकांना आवडतो, असं ठरलं.
मला निरोप आला, खाली एक छोटी पाटी करा:
'ध्वनी प्रातिनिधिक'.
सात अक्षरं. चौऱ्याऐंशी रुपये.

केली.
कुंचल्यात रंग उरला होता,
तर खाली लिहून टाकलं, बिल न लावता:
चौथा ठोका लंगडा होता.
हात घाईत होता, ओळ थोडी उतरती गेली.

तापीरामबाबा जवळ आले, एकेक अक्षर लावून वाचलं.
बाबा, ओलं आहे, हात लावू नका, मी ओरडलो.
पण ऐकू कुठे येतं?
तळवा ठेवला. सबंध.
'लंगडा'तला 'लं' टिंबासकट
त्यांच्या हाताला गेला.

केवळबाईंनी स्टोव्हचं रॉकेल दिलं हात पुसायला.
पुसून झाल्यावर मांडा दिला.
रॉकेलचा वास येतोय म्हणाले,
तरी खाल्ला.

झाल्टेसाहेब म्हणतात, तेवढं परत नीट करून घ्या.
करीन म्हटलं.
पांढरा रंग संपलाय.