बावीस माग

येमूलच्या कारखान्यात, मागच्या खोलीत,
चार गाणी टेप केली होती आम्ही,
टेपरेकॉर्डर टॉवेलच्या गठ्ठ्यावर.
बँडचं नावही मोजूनच ठेवलेलं: बावीस माग.

नंतर पुण्यात तीन बँड केले मी.
पहिला खोलीच्या भाड्यावरून मोडला.
दुसऱ्यात माझे शब्द जरा गावठी होते.
तिसऱ्यात ते मीच धुऊन घ्यायला शिकलो;
रंग गेला, टाळ्या आल्या.

यंदा उन्हाळ्यात नागेशचा फोन.
"कॅसेट सापडली बे. वाजते अजून."

चौदा माग भंगारात गेलेत,
उरलेल्यांवर चादरी, त्यांनीच विणलेल्या.
नागेश पॅकिंगच्या खोक्यावर ठेका धरतो.
इर्फानला चष्मा लागलाय, लिहिलेलं दिसत नाही म्हणतो,
बोटं मात्र बरोबर पडतात.

तिसऱ्या गाण्यात मधेच धागा तुटतो.
ज्याच्यावर आम्ही ताल धरलेला
तोच माग थांबतो.
नागेशचे वडील तेलुगूत शिवी हासडतात,
धाग्याला की आम्हाला, कळत नाही,
गाठ मारतात,
आणि खटखट पुन्हा सुरू.
तेव्हा किती वैतागलो होतो आम्ही.

काल नव्याने वाजवताना
त्या जागेवर आलो.
कुणी काही ठरवलं नव्हतं.
तिघांचेही हात थांबले.
बाहेर अशोक चौकाकडे वळणारी रिक्षा,
आत पंखा,
गाठ बसायला लागतो तेवढा वेळ.

मग नागेशने खोक्यावर बोट टेकवलं.