टाका

साठीला दोन वर्षं उरलीत आणि
मी पुन्हा उमेदवारीला बसलोय
कलिन्यात, सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत,
बेनेडिक्टशेठच्या गाळ्यात.
शिकवणारी निलोफर. वय तेवीस.
दहाचा पाना आणि बाराचा पाना
अंधारात हातानं कसा ओळखायचा
ते पाच वर्षांपूर्वी मीच शिकवलं होतं हिला.
आता ती विचारते, "काका, अर्थ लावला का?"
लावलेला नसतो.
चिमटा पत्र्याला धरल्याशिवाय
ठिणगीसुद्धा पडत नाही.

चाळीस वर्षं गॅसची नळी धरली.
निळ्या ज्योतीचं टोक, पितळेची काडी,
पत्रा गुंजेसारखा लाल झाला
की हात आपोआप पुढे सरकायचा.
आताच्या गाड्यांचा पत्रा खाकऱ्याइतका.
माझ्या ज्योतीनं त्याला पोट सुटतं,
दार लागत नाही,
विम्याचा माणूस चारी बाजूंनी फोटो काढतो.
म्हणून हे मिग मशीन:
वायरीची रीळ, सिलिंडर, घोडा दाबायची बंदूक.

पहिल्या दिवशी सहा भोकं.
दुसऱ्या दिवशी मोजली नाहीत.

"ओढू नका. रेघ मारताय का?
एक टाका इथे. दुसरा वीतभर लांब.
निवू द्या. मग मधला."
गोधडीला कच्चे टाके घालतात तसं? मी म्हटलं.
"गोधडी कोण शिवतंय?
घरात भांडण झाल्यावर बोलतो ना आपण,
थोडं अम्मीशी, थोडं अब्बूंशी,
कुणाला जास्त तापू द्यायचं नाही. तसं."

डोळ्यांनी नाही, कानांनी शिका, म्हणते.
कढईत बोंबील सोडल्यासारखा
एकसारखा चर्र आवाज हवा.
बंदूक हाताला मागे ढकलायला लागली तर वायर जास्त,
नुसती फुसफुसली तर कमी.
आणि पंखा बंद.
वाऱ्यानं गॅस उडतो,
टाका वरून बरा दिसतो, आत जाळी.
मे महिना, डोक्यावर सिमेंटचे पत्रे,
मुखवट्यात घाम डोळ्यांत उतरतो
आणि पुसायला हात मोकळा नाही.

गॅसवर असताना सगळा गाळा दिसायचा,
चहाचा पोऱ्या, शेठच्या कपाळावरची आठी.
इथे ठिणगीसरशी काच काळी होते.
उरतं मटाराएवढं वितळलेलं तळं
आणि त्याच्या पुढची दोन सूत जागा.
चाळीस वर्षांत एवढं कमी कधी बघितलं नव्हतं.

मग शाळेची व्हॅन आली.
दाराखालची पट्टी खाऱ्या हवेनं खाल्लेली,
पेचकस टेकवला तर आरपार.
दमयंती कोरगावकर, स्वतः चालवते.
"सोमवारी पोरं आहेत," एवढंच बोलली.
शेठनं माझ्याकडे बघितलं. निलोफरनं नाही.
गंज कापत गेलो, चांगला पत्रा लागेपर्यंत,
तो वाटलं त्याहून फार आत लागला.
बॅटरी काढली, आतला गालिचा काढला,
ती ओलं गोणपाट घेऊन बाजूला उभी,
हातात मोबाईल, बघत मात्र तो नव्हती.

चौतीस टाके. दोन दिवस.
टाक्यापेक्षा थांबण्यातच वेळ गेला.
एकदा राहवलं नाही, तापल्या जागीच दुसरा मारला,
भोक. ती खाकरली फक्त.
भोकाच्या कडेनं भरत भरत बुजवलं,
अर्धा तास.

मग ग्राइंडर.
एवढं सगळं घासून सपाट.
लांबी, प्रायमर, पिवळा रंग.
सोमवारी पहाटे बाईंनी दार तीनदा आपटलं,
तिन्ही वेळा लागलं.
कुठे केलंय ते विचारलंसुद्धा नाही,
बरोबरच आहे.

शिकाऊ पत्र्याचा तुकडा मी घरी आणला.
बायकोनं तो खिडकीतल्या ओव्याच्या कुंडीखाली सरकवला.
आठ दिवसांत गंजला.
पण भोकं बरी पाडलीत, म्हणते,
पाणी साचत नाही.