कबाई

मंठा चौफुलीच्या पुढं, जिथं टायर रिमोल्डचं दुकान होतं,
तिथं आता इंडोनेशियाचं जेवण मिळतं.
लाल प्लास्टिकची स्टुलं, भिंतीवर समुद्राचा फ्लेक्स,
आणि दिवसभर ऊन तापलेलं असलं
की रात्रीसुद्धा फरशीतून रबराचा वास येतो.

बिल मी देणार होते.
हे घरात कुणालाच आवडलेलं नव्हतं,
तरी पाचही जण आलो, दोन मोटरसायकलींवर.

मामंजी भिंतीकडं तोंड करून बसले.
लग्नाला सात वर्षं झाली,
माझ्याशी बोललेलं सगळं मोजून सांगता येईल.
पाणी आलं का. गॅस बंद कर.
आणि त्रिजा झाली तेव्हा, बरं झालं.
लग्नात मला त्यांची नखं गुलाबी दिसली होती,
वाटलं, हौशी माणूस, मेंदी लावलीय.
मग कळलं, तो बियाण्याला चोळायच्या औषधाचा रंग.
एकतीस वर्षं बियाण्याच्या कंपनीत, पॅकिंगला.
रिटायर झाल्यावर नखं पांढरी व्हायला चौदा महिने लागले.
मी नाही मोजले. सासूबाईंनी मोजले.

सासूबाईंचा गुरुवार होता.
टोपलीतलं पांढरं कुरकुरीत बघून म्हणाल्या,
"ही तर आपली कुरडई."
मोतीराम म्हणाला, कोळंबीची आहे.
त्यांनी टोपली एका बोटानं त्याच्याकडं सरकवली,
झोपलेलं मांजर सरकवावं तशी.
मग गाडो-गाडो आलं,
त्रिजा "गाढव-गाढव" करत हसत सुटली.
उकडलेल्या भाज्या, वर शेंगदाण्याचा दाट रस्सा.
"दाणे चालतात," सासूबाई म्हणाल्या,
आणि बाकी सगळं बाजूला सारून
बटाटे तेवढे खात राहिल्या.

मामंजींनी मेनूकार्ड लांब धरलं, जवळ धरलं,
एका ओळीवर बोट ठेवलं, आणि म्हणाले, मला, मलाच:
"कबाई."
काय?
"मिरची. कबाई म्हंजी मिरची.
पाकिटावर असायचं. वर मिरचीचा फोटू, खाली सी ए बी ए आय.
चाळीस पाकिटांचा खोका, दिवसाला दोनशे खोके.
तेवढंच इंग्रजी येतं मला."
ते इंग्रजी नव्हे, हे मी बोलले नाही.

काउंटरमागून मालक आला, हात पुसत.
इलियास, अंबडचा. सहा वर्षं मेदानच्या एका हॉटेलात होता.
"चाबाई बोलते उसको, चाचा. सी का च होता उधर.
तुम्ही होते का तिकडं?"
"नाय. माल जायचा."

मग मामंजी पुढं झुकले.
एरवी रेडिओवर बाजारभाव लागले तरच झुकतात.
"झाड किती वाढतं तिथं? हितं कमरेला लागतं.
मर तर पडत नाय? पाणी लई म्हणत्यात तिकडं."
इलियास फडक्याची घडी घालत राहिला,
उलगडून पुन्हा घालत राहिला.
"झाड नाही पाहिलं, चाचा.
किचन तळघरात होतं.
मिरची यायची ती देठ काढून, बर्फात."

पंख्यानं समुद्राचं एक टोक सुटून फडफडत होतं.

त्यानं न मागता एक वाटी आणून ठेवली, लालभडक, ठेचलेली.
मामंजींनी बोटानंच घेतली. डोळ्यांतून पाणी.
"आपलं नाय हे बी," ते म्हणाले.
"आपलं एवढं जहाल नव्हतं."
आणि वाटी पुसून खाल्ली.

अकराशे चाळीस झाले.
मोतीरामनं खिशात हात घातला.
मी बघितलं. त्यानं हात बाहेर काढला.

रात्री अकराला ओट्यावरून आवाज आला,
मामंजी फोनवर, गोदामातल्या दाजीबाशी,
समोरची गल्ली उठेल इतक्या जोरात.
"झोपला का रे? ऐक.
कबाई नाय ते.
चाबाई. चा. चहातला चा.
व्हय. एकतीस वर्षं."
पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही.
मामंजी हसले, खोकले,
मग जरा हळू म्हणाले,
"सूनबाईनं नेलं होतं."